वर्तुळांचं एकत्रित क्षेत्रफळ: उघडी कड मोजायची

१२ मीटर बाजूचा एक चौरस घ्या आणि त्याच्या चार कोपऱ्यांवर एकेक स्प्रिंकलर उभा करा. प्रत्येकाचं पाणी चहूबाजूंनी १० मीटरपर्यंत पोचतं. एकूण किती जमीन भिजली?

पहिलं उत्तर सरळ गुणाकाराचं. एका वर्तुळाचं क्षेत्रफळ ३१४.१६ चौ.मी., चारांचं मिळून १२५६.६४ चौ.मी., म्हणजे साडेबारा गुंठ्यांच्या आसपास. हे चूक आहे, कारण वर्तुळं एकमेकांवर चढलेली आहेत आणि सामाईक जमीन दोनदा, तीनदा मोजली गेली. मग दुसरं उत्तर येतं: प्रत्येक जोडीचा सामाईक भाग काढून वजा करा. ते ८५५.३६ चौ.मी. भरतं. हेही चूक, आणि ही चूक जास्त फसवी आहे, कारण करणाऱ्याला आपण सगळी काळजी घेतली असं वाटत असतं. बरोबर उत्तर ९०७.५६ चौ.मी. आहे. गुंठ्याचे १०१.१७ चौ.मी. धरले तर तीन उत्तरं अनुक्रमे १२.४२, ८.४५ आणि ८.९७ गुंठे होतात.

आकडे मुद्दाम असे निवडलेत की बरंचसं गणित कागदावर होतं. १२ चा अर्धा ६, कर्ण १०, म्हणून उरलेली बाजू ८. हा ६-८-१० चा काटकोन त्रिकोण पुढे सतत भेटेल.

आधी दोनच वर्तुळं पाहू. केंद्रांमधलं अंतर आणि दोन त्रिज्या एवढं माहीत असलं की तीन शक्यता उरतात. अंतर त्रिज्यांच्या बेरजेएवढं किंवा त्याहून जास्त असेल तर सामाईक भाग शून्य. अंतर त्रिज्यांच्या फरकाएवढं किंवा त्याहून कमी असेल तर लहान वर्तुळ मोठ्याच्या पोटात आहे आणि सामाईक भाग म्हणजे अख्खं लहान वर्तुळ. या दोन्हींच्या मधे असेल तर सामाईक भाग भिंगाच्या आकाराचा असतो. दोन छेदनबिंदू जोडणारी जीवा काढली की भिंगाचे दोन वर्तुळखंड होतात आणि प्रत्येक खंड म्हणजे वर्तुळपाकळी वजा त्रिकोण. हे दहावीच्या भूमितीपलीकडचं नाही.

त्रिज्या सारख्या असतील तर सूत्र आटोपशीर होतं:

भिंग = २ × त्रि² × व्यस्त कोसाइन(अं ÷ २त्रि) − (अं ÷ २) × √(४त्रि² − अं²)

इथे ‘त्रि’ ही त्रिज्या, ‘अं’ हे केंद्रांमधलं अंतर, ‘व्यस्त कोसाइन’ म्हणजे ज्याची कोसाइन कंसातल्या आकड्याएवढी असते तो कोन, आणि कोन रेडियनमध्ये. आपल्या चौरसात शेजारच्या दोन स्प्रिंकलरसाठी अं = १२. व्यस्त कोसाइन(०.६) म्हणजे ०.९२७३ रेडियन. म्हणून २०० × ०.९२७३ − ६ × १६ = ८९.४६ चौ.मी. अशा चार जोड्या. समोरासमोरच्या कोपऱ्यांमधलं अंतर १६.९७ मीटर, तेही २० पेक्षा कमी, म्हणून तिथेही भिंग तयार होतं: २१.७२ चौ.मी., अशा दोन जोड्या. सहा भिंगांची बेरीज ४०१.२८, आणि १२५६.६४ मधून ती गेली की वरचं ८५५.३६ मिळतं.

चूक कुठे झाली ते चौरसाच्या मध्यबिंदूवर उभं राहून पाहा. तो प्रत्येक कोपऱ्यापासून ८.४९ मीटरवर आहे, म्हणजे चारही स्प्रिंकलरचं पाणी तिथे येतं. बेरजेत तो चारदा धरला गेला. वजाबाकीत सहाही जोड्यांच्या भिंगांत तो आहे, म्हणून सहादा वजा झाला. हिशेब उणे दोनवर गेला. हा खड्डा भरायला तीन-तीन वर्तुळांचे सामाईक भाग परत मिळवायचे (चार, प्रत्येकी १५.२४ चौ.मी.) आणि चारही वर्तुळांचा सामाईक भाग पुन्हा वजा करायचा (८.७६ चौ.मी.). मग मध्यबिंदूचा हिशेब ४ − ६ + ४ − १ = १ असा बसतो आणि बेरीज ९०७.५६ वर येते.

संचांच्या धड्यातली हीच मिळवा-वजा करा पद्धत. ती पूर्णपणे बरोबर आहे, पण तीन-चार वर्तुळांपलीकडे तिच्या वाटेला जाऊ नये. दहा वर्तुळांसाठी १,०२३ पदं लागतात, पंचवीस वर्तुळांसाठी ३,३५,५४,४३१. त्यातली बरीच शून्य असतात हे खरं, पण तीन, चार, पाच वर्तुळांच्या सामाईक तुकड्याचं क्षेत्रफळ काढणं हे स्वतःच किचकट काम आहे. तुकड्याला तीन बाजू आहेत की चार, एखादं वर्तुळ त्यात निव्वळ नावाला आहे का, हे दरवेळी तपासावं लागतं.

म्हणून आतल्या गुंतागुंतीत शिरायचंच नाही. सगळ्या वर्तुळांचा मिळून जो एक आकार होतो, त्याची बाहेरून दिसणारी कड पकडायची. ती कड म्हणजे निरनिराळ्या वर्तुळांचे कंस एकाला एक जोडलेले. आत किती वर्तुळं कशी चढली आहेत याच्याशी कडेला देणंघेणं नसतं.

याचं सगळ्यात देखणं रूप तीन वर्तुळांत दिसतं. सारख्या त्रिज्येची तीन वर्तुळं घ्या, प्रत्येकाचं केंद्र उरलेल्या दोघांच्या परिघावर. मिळवा-वजा करा पद्धतीने गेलात तर पानभर आकडेमोड होते. कडेने गेलात तर दिसतं की प्रत्येक वर्तुळाचा बरोबर अर्धा परीघ उघडा आहे. म्हणजे पूर्ण आकार हा २त्रि बाजूचा समभुज त्रिकोण आणि त्याच्या तिन्ही बाजूंवर बसवलेली तीन अर्धवर्तुळं. क्षेत्रफळ = √३ × त्रि² + (३ × π ÷ २) × त्रि² = ६.४४४४ × त्रि². एका ओळीत संपलं.

उघडा कंस कसा शोधायचा

एक वर्तुळ धरा आणि बाकीच्या प्रत्येकाला विचारा: तू माझ्या परिघाचा कोणता भाग झाकतोस? उत्तर दोन आकड्यांत मिळतं. पहिला आकडा म्हणजे त्या दुसऱ्या केंद्राची दिशा, पूर्वेकडून घड्याळाच्या उलट मोजलेला कोन. दुसरा म्हणजे त्या दिशेच्या दोन्ही बाजूंना किती अंश झाकले जातात तो अर्धकोन:

अर्धकोन = व्यस्त कोसाइन[(त्रि१² + अं² − त्रि२²) ÷ (२ × त्रि१ × अं)]

त्रि१ ही ज्याचा परीघ तपासतोय त्याची त्रिज्या, त्रि२ झाकणाऱ्याची. क्रम उलटला तर असमान वर्तुळांत उत्तर चुकतं. सारख्या त्रिज्यांच्या चाचणीत ही चूक दिसतच नाही, म्हणून चाचणीत निदान एक वर्तुळ वेगळ्या मापाचं ठेवा.

चौरसात (०, ०) वरचा स्प्रिंकलर घेऊ. (१२, ०) वरचा शेजारी ०° दिशेला, अर्धकोन ५३.१३°, म्हणून −५३.१३° ते ५३.१३° झाकलं. (०, १२) वरचा ९०° दिशेला, तो ३६.८७° ते १४३.१३° झाकतो. समोरचा ४५° दिशेला, अर्धकोन ३१.९५°, तो १३.०५° ते ७६.९५° झाकतो, पण तो पट्टा आधीच झाकलेला आहे. तिन्ही मिळून −५३.१३° ते १४३.१३°, म्हणजे १९६.२६° झाकलं. उघडा राहिला १४३.१३° ते ३०६.८७°, म्हणजे १६३.७४°, म्हणजेच २.८५७८ रेडियन.

पूर्ण आकार आता डोळ्यांसमोर येतो. चार कोपऱ्यांवर १६३.७४° च्या चार पाकळ्या, प्रत्येकी ½ × १०० × २.८५७८ = १४२.८९, चारांच्या ५७१.५६. मधे चौरस १४४. आणि चौरसाच्या प्रत्येक बाजूला बाहेर एक त्रिकोण, पाया १२, उंची ८, क्षेत्रफळ ४८, असे चार म्हणजे १९२. बेरीज ९०७.५६.

आकृती अशी सुबक असेल तेव्हा पाकळ्या आणि त्रिकोण जुळवून भागतं. वेडीवाकडी असेल तेव्हा एकच सूत्र प्रत्येक कंसाला लावायचं. जमीन मोजणीत बांधाच्या कोपऱ्यांचे सहनिर्देशक घेऊन, बांधाने फिरत येऊन क्षेत्रफळ काढतात, तीच ही युक्ती आहे. फक्त बांध सरळ नसून वर्तुळाच्या कंसाचा आहे. केंद्र (क्ष, य) आणि त्रिज्या त्रि असलेल्या वर्तुळाचा उघडा कंस ‘सुरुवात’ कोनापासून ‘शेवट’ कोनापर्यंत असेल तर

कंसाचा वाटा = ½ × [त्रि² × (शेवट − सुरुवात) + त्रि × क्ष × (साइन शेवट − साइन सुरुवात) − त्रि × य × (कोसाइन शेवट − कोसाइन सुरुवात)]

सगळ्या उघड्या कंसांचे वाटे मिळवले की क्षेत्रफळ तयार. कंस क्रमाने जोडत बसायची गरज नाही, कोणत्याही क्रमाने मिळवा. हा या पद्धतीचा फार मोठा दिलासा आहे. चौरसाच्या चार वर्तुळांचे वाटे असे येतात: (०, ०) चा १४२.८९, (१२, ०) चा २२६.८९, (१२, १२) चा ३१०.८९, (०, १२) चा २२६.८९. सुटा वाटा म्हणजे त्या वर्तुळाची भिजलेली जमीन नव्हे. त्याला एकट्याला अर्थ नाही. अर्थ बेरजेला आहे, आणि ती ९०७.५६ आहे.

संगणकाला सांगायचं काम एवढंच. दुसऱ्याच्या पोटात असलेली वर्तुळं आधी काढून टाकायची. उरलेल्या प्रत्येक वर्तुळासाठी झाकलेले पट्टे गोळा करायचे, सुरुवातीच्या कोनानुसार लावायचे, ० पासून ३६०° पर्यंत चालत जायचं, आणि जिथे फट दिसेल तो उघडा कंस सूत्रात घालायचा. हजार वर्तुळं असली तरी जोड्या दहा लाखांच्या आत, आणि साध्या लॅपटॉपलाही ते जड नाही. स्प्रेडशीटमध्ये दहा-बारा वर्तुळांपर्यंत हाताने जमतं.

कुठे अडतं

सर्वांत जास्त वेळा ३६०° च्या सांध्यावर. वरचा −५३.१३° ते ५३.१३° हा पट्टा ऋण कोन नको म्हणून ३०६.८७° ते ५३.१३° असा लिहिला, आणि तसाच ठेवला, तर सुरुवात शेवटापेक्षा मोठी झाली. प्रोग्रॅम त्याला निमूटपणे स्वीकारतो. तो आधी ० ते १३.०५° ही फट धरतो, मग १४३.१३° ते ३०६.८७°, आणि शेवटी पुन्हा १४३.१३° ते ३६०°. उघडा कंस ३९३.६६° निघतो, पूर्ण वर्तुळापेक्षाही मोठा. इलाज साधा: सांधा ओलांडणारा प्रत्येक पट्टा दोन तुकडे करून लिहायचा, ३०६.८७° ते ३६०° आणि ०° ते ५३.१३°. शिवाय प्रत्येक वर्तुळाचा एकूण उघडा कंस ३६०° च्या आत आहे ना, ही तपासणी प्रोग्रॅममध्ये कायमची ठेवा.

दिशेचा कोन काढणाऱ्या ‘एटॅन२’ या फंक्शनचं दुखणं वेगळं आहे. एक्सेलमध्ये त्यात आधी क्ष आणि मग य द्यायचा असतो. पायथन आणि सी मध्ये आधी य, मग क्ष. एकीकडचं दुसरीकडे उतरवताना क्रम तसाच राहिला तर सगळे कोन ४५° च्या रेषेत आरशासारखे उलटतात. आपल्या उदाहरणात (०, ०) आणि (१२, १२) चे वाटे तरीही बरोबर येतात, पण उरलेल्या दोघांचे २२६.८९ ऐवजी ५८.८९ होतात आणि एकूण उत्तर ५७१.५६ निघतं. हा आकडा वर येऊन गेलाय, तो चार पाकळ्यांची बेरीज आहे. उत्तर ५७१.५६ आलं की सरळ एटॅन२ तपासायचं.

एकच वर्तुळ यादीत दोनदा असणं ही पुढची गोष्ट. जागेची नोंद दोनदा झाली की असं होतं. दोन्ही प्रती एकमेकींच्या ‘पोटात’ ठरतात आणि दोन्ही काढून टाकल्या जातात. ते वर्तुळ हिशेबातून पूर्ण नाहीसं होतं. नियम असा ठेवा की मापं आणि केंद्र अगदी सारखी असतील तर यादीत नंतर आलेलंच काढायचं.

वर्तुळं एकमेकांना जेमतेम टेकलेली असतील तर व्यस्त कोसाइनला दिलेला आकडा १ असायला हवा. दशांश तोडल्यामुळे तो १.०००००००००००००००२ होतो आणि फंक्शन उत्तर देण्याऐवजी त्रुटी दाखवतं. तो आकडा −१ आणि १ च्या मधे दाबून बसवायचा. क्षेत्रफळात काही फरक पडत नाही, कारण टेकणाऱ्या बिंदूला क्षेत्रफळ नसतं.

अंश आणि रेडियनची गल्लत सांगायला नको, तरी सांगतो: सूत्रातलं पहिलं पद रेडियनच मागतं.

शेतातल्या जागा मोबाइलवरून घेतल्या असतील तर अक्षांश-रेखांश थेट वापरू नका. १९° अक्षांशावर रेखांशाचा एक अंश सुमारे १०५ किमी आणि अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किमी भरतो. त्या नकाशावर वर्तुळ वर्तुळ राहत नाही. ते यूटीएममध्ये, म्हणजे पृथ्वीचे उभे पट्टे पाडून प्रत्येक पट्ट्यात जागा मीटरमध्ये सांगणाऱ्या पद्धतीत, बदलून घ्या. मुंबई, पुणे, नाशिक ४३ व्या पट्ट्यात येतात, नागपूर ४४ व्या. दोन पट्ट्यांची सीमा ७८° रेखांशावर आहे. पण यूटीएममध्ये पुण्याजवळ उत्तरेचा आकडा वीस लाख मीटरच्या वर असतो. सूत्रात हा आकडा त्रिज्येने गुणला जातो आणि शेवटी बहुतेक सगळा कटून जातो. सिंगल प्रिसिजनमध्ये, म्हणजे संगणक आकड्याचे सुमारे सातच अंक साठवतो तेव्हा, वीस लाखांच्या आसपास लगतच्या दोन आकड्यांत १२.५ सेंमीचं अंतर असतं, त्यामुळे कटल्यावर उरतो तो निव्वळ कचरा. सगळ्या केंद्रांची सरासरी काढून ती आधी वजा करा. आकार जागचा हलला तरी क्षेत्रफळ बदलत नाही, आणि आकडे लहान होतात.

आता भोकाबद्दल. त्याच चौरसात दाब कमी पडला आणि पाणी १० ऐवजी ८ मीटरच जाऊ लागलं असं धरा. मध्यबिंदू ८.४९ मीटरवर, म्हणजे तो कोरडा. शेजारचे स्प्रिंकलर एकमेकांवर चढतात, समोरासमोरचे नाही. आता प्रत्येक वर्तुळाला दोन उघडे कंस आहेत: एक बाहेरचा मोठा, आणि एक आतला, ४१.४१° ते ४८.५९°, जेमतेम ७.१८° चा. हे चार छोटे कंस मिळून मधल्या कोरड्या तुकड्याची कड बनवतात. तो तुकडा ०.९६ चौ.मी. आहे. बाहेरची कडच तेवढी शोधत गेलात तर हा तुकडा भिजलेला धरला जातो. उघडे कंस वर्तुळागणिक शोधले तर वेगळं काही करावं लागत नाही, कारण आतली कड उलट दिशेने फिरते आणि तिचं क्षेत्रफळ आपोआप वजा होतं. उत्तर ६८८.२० चौ.मी. येतं. इथे तीन वर्तुळं कुठेच एकत्र येत नाहीत, म्हणून फक्त भिंगं वजा करूनही (८०४.२५ − ४ × २९.०१) तेच उत्तर मिळतं. प्रोग्रॅम भोकं नीट हाताळतो का हे तपासायला हे उदाहरण उत्तम.

बफर काढून मोकळं होताना

नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये बिंदूंभोवती बफर, म्हणजे ठरावीक अंतरापर्यंतचा वेढा, काढायचा, सगळे एकत्र विरघळवायचे आणि क्षेत्रफळ वाचायचं, हा हल्लीचा सोपा मार्ग. मार्ग चांगला आहे, पण तिथलं वर्तुळ हे बहुभुज असतं. क्यूजीआयएसमध्ये पाव वर्तुळाला ५ तुकडे हे आपसूक येणारं माप आहे, म्हणजे २० बाजूंचा बहुभुज. तो वर्तुळाच्या आत बसतो आणि क्षेत्रफळ १.६४ टक्क्यांनी कमी देतो: ३१४.१६ च्या जागी ३०९.०२. पोस्टजीआयएसमध्ये पाव वर्तुळाला ८ तुकडे, तूट ०.६४ टक्के. तुकडे ५० केले की तूट ०.०१६ टक्क्यांवर येते आणि शेतीच्या कामाला ते पुरे आहे. ही तूट नेहमी एकाच बाजूला, कमीकडे असते, म्हणून वर्तुळं वाढवली तरी ती एकमेकींना खोडत नाही.

पडताळणीसाठी दुसरी, पूर्ण वेगळी पद्धत हाताशी असावी. सगळ्या वर्तुळांना सामावणारी चौकट घ्या, आपल्या उदाहरणात ३२ × ३२ = १०२४ चौ.मी., आणि तिच्यात स्वैर बिंदू टाका. जेवढे बिंदू एखाद्या तरी वर्तुळात पडले त्या प्रमाणात क्षेत्रफळ. प्रोग्रॅम दहा ओळींचा आहे, चुकायला जागाच नाही. पण अचूकता हळूहळू वाढते. दहा हजार बिंदूंना प्रमाण विचलन ३.२५ चौ.मी., दहा लाखांना ०.३३. एक दशांश स्थळ जास्त हवं तर शंभरपट बिंदू. उत्तर यातून काढू नये, ९०७ च्या जागी ८५५ आलंय का एवढं मात्र ही पद्धत लगेच सांगते.

उभ्या रेषांनी कापून प्रत्येक रेषेवरची भिजलेली लांबी मिळवत जाणं ही तिसरी पद्धत. तिच्यात सिम्प्सनचा नियम (मोजक्या रेषांच्या लांबीवरून सगळं क्षेत्रफळ काढायचं सूत्र) वापरताना एक खोच आहे. वर्तुळाच्या डाव्या-उजव्या टोकाला लांबी एकदम उभी चढते, तिथे नियम ढेपाळतो. आणि वर्तुळं लांब लांब असतील तर पहिल्या तीन रेषा रिकाम्या जागेतून जाऊन उत्तर शून्य येऊ शकतं. म्हणून प्रत्येक वर्तुळाच्या दोन्ही टोकांवर आणि सगळ्या छेदनबिंदूंवर पट्टी तोडायची, मग प्रत्येक तुकड्यात नियम लावायचा. शेताची हद्द वेडीवाकडी असेल आणि हद्दीच्या आतलंच भिजलेलं क्षेत्र हवं असेल तर मात्र हीच पद्धत सोयीची. रेषेवर हद्दीचा पट्टा आणि पाण्याचा पट्टा यांचा सामाईक भाग घेतला की झालं.

शेतावर

मोठ्या शेतात, आतल्या भागासाठी वर्तुळांचं गणित लागतच नाही. १२ × १२ च्या जाळीत त्रिज्या ८.४९ पेक्षा जास्त असली की सगळी जमीन झाकली जाते आणि प्रत्येक स्प्रिंकलरच्या वाट्याला १४४ चौ.मी. येतात. गणित लागतं ते बांधाकडेच्या रांगांना, आणि चारच स्प्रिंकलर फिरवत नेणाऱ्यांना.

किती लांब ठेवले तरी कोरडी जागा राहणार नाही, याचं उत्तर रिचर्ड केर्शनर यांनी १९३९ साली सिद्ध केलं: सारख्या वर्तुळांनी अख्खी सपाट जागा झाकायची तर समभुज त्रिकोणांची मांडणी सर्वांत काटकसरीची. त्यात वर्तुळांच्या क्षेत्रफळांची बेरीज जमिनीच्या १.२०९ पट होते, चौरस मांडणीत १.५७१ पट. १० मीटर त्रिज्येला चौरसात अंतर १४.१४ मीटर, एका स्प्रिंकलरला २०० चौ.मी. त्रिकोणात अंतर १७.३२ मीटर, रांगांमधे १५ मीटर, एकाला २५९.८ चौ.मी. प्रत्यक्षात स्प्रिंकलरचे एचडीपीई पाइप ६ मीटर लांबीचे असतात, म्हणून रायझर (स्प्रिंकलरच्या उभ्या नळ्या) ६ च्या पटीतच बसतात, आणि पाणी कडेला विरळ पडत असल्याने, वाऱ्याने वर्तुळ दबत असल्याने, अंतर या हद्दीच्या बरंच आत, १२ मीटरच ठेवणं शहाणपणाचं.

भागाकारात कोणतं क्षेत्र घ्यायचं यावर पाण्याची खोली ठरते. नोझल तासाला १,८०० लिटर सोडत असेल तर जाळीच्या आतल्या भागात १,८०० ÷ १४४ = १२.५ मिमी पाणी तासाला पडतं (एका चौ.मी. वर एक लिटर म्हणजे एक मिमी). तेच एका वर्तुळाच्या ३१४.१६ ने भागलं तर ५.७ मिमी दिसतं आणि पाण्याची पाळी दुपटीहून लांब चालवली जाते. चारच स्प्रिंकलर सुटे चालवले तर सरासरी ७,२०० ÷ ९०७.५६ = ७.९ मिमी.

ही सरासरी कुठेच तशी पडत नाही, हे चौरसातच दिसतं. ९०७.५६ पैकी ६०१.९२ चौ.मी. वर एकाच स्प्रिंकलरचं पाणी येतं, २७०.९६ वर दोघांचं, २५.९२ वर तिघांचं आणि मधल्या ८.७६ वर चौघांचं. हे थरही त्याच कंसांतून काढता येतात. उघडा कंस म्हणजे शून्य वर्तुळांनी झाकलेला. बरोबर एका वर्तुळाने झाकलेले कंस वेगळे काढून त्याच सूत्रात घातले तर निदान दोघांचं पाणी मिळणारं क्षेत्र येतं: ३०५.६४ चौ.मी. बरोबर दोघांनी झाकलेले कंस घातले तर निदान तिघांचं: ३४.६८. तिघांनी झाकलेले घातले तर ८.७६. आणि ९०७.५६ + ३०५.६४ + ३४.६८ + ८.७६ ही बेरीज पुन्हा १२५६.६४ यायलाच हवी, चार सुट्या वर्तुळांएवढी. ती आली नाही तर एखादा कंस दोनदा धरला गेलाय किंवा राहून गेलाय, आणि बहुतेक वेळा तो ३६०° च्या सांध्यावरच सापडतो.